बारा सेकंद, चार शतांश

जुन्नर,
गुरुवार, ४ डिसेंबर २०२५

प्रिय गोरख,

तुला सलाम, सयाजीकाकांना नमस्कार, आणि हर्षालीवहिनींना सांग की त्यांचं भिंतीवरचं घड्याळ चालू झालं. नुसता सेल बदलून भागलं नाही, आत पालीनं अंडी घातली होती. हे पत्र त्याच खोक्यात ठेवून बोरीच्या जीपवाल्याकडे देतोय. खोकं तूच उघडावंस म्हणून वर तुझं नाव मोठ्या अक्षरात लिहिलंय.

इकडे ठीक आहे. अब्बांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. नीट दिसायला लागल्यापासून ते दुकानात बसून माझ्या कामातल्या चुका काढतात. अफिफाला शाळेत 'माझा आवडता खेळाडू' असा निबंध होता. पोरीनं ऑस्करवर लिहिला. बाईंनी विचारलं, हा कुठल्या संघातून खेळतो गं, बॅटिंग करतो की बोलिंग? तुझ्या गॅरेजात टायरवर बसवून तिला फॉर्म्युला वन दाखवलंस, त्याचं हे फळ.

तू म्हणशील, कागद कशाला, व्हॉइस मेसेज टाकायचा. पण तुझा फोन कायम गॅरेजच्या स्पीकरला जोडलेला, आणि हे सगळ्या आळेफाट्यानं ऐकावं असं नाही. शिवाय मेसेज मी पाठवून लगेच पुसला असता. आठ महिन्यांत चार वेळा पुसलाय.

आधी शर्यतीचं बोलू. रविवारी हंगामातली शेवटची. गुणांचे आकडे तुला पाठ असतीलच, तरी लिहितो, लिहिलं की हाताला जरा धीर येतो. लँडो ४०८, मॅक्स ३९६, आणि तुझा मुनी ३९२. ऑस्करला मुनी म्हणणारा जगात तू एकटाच असशील. जिंकला तरी त्याचा चेहरा हलत नाही म्हणून मुनी. ऑगस्टच्या शेवटी तो चौतीस गुणांनी पुढे होता, तेव्हा तू पंक्चर काढायला आलेल्या ट्रकवाल्यांना पेढे वाटलेस. ते बिचारे विचारत होते, मुलगा झाला का मुलगी. आता मुनी पहिला आला आणि लँडो सहावा किंवा त्याच्याही खाली गेला, तर काही जमेल. मला विचारशील तर लँडोच नेणार. तू मला शिव्या घालशील, घाल. तीन महिने झाले तुझ्या शिव्या ऐकून.

तुला वाटतं, मी मोंझाच्या शर्यतीपासून रुसलोय. वहिनीही तसंच म्हणाल्या. मोंझात काय झालं ते तुला सांगायला नको, पण मला ते पुन्हा लिहून काढावंसं वाटतंय. लँडो पुढे, मुनी त्याच्या मागे, दोघं एकाच टीमचे. चाकं बदलताना लँडोचं एक चाक अडलं, त्याचा वेळ गेला, आणि मुनी पुढे निघाला. मग टीमनं रेडिओवरून सांगितलं, जागा परत दे. त्यानं दिली. तू पाना आपटलास.

"चूक पाना धरनाऱ्याची, अन् जागा ह्यानं का सोडायची? ज्यानं चूक केली त्यानं फुडं यावं की. बोलावं की तोंडानं, माझ्यामुळं झालं म्हून."

मी म्हणालो, मला निघायला हवं. चार फेऱ्या राहिल्या होत्या. "अरं च्या तरी घे," तू मागून ओरडलास. मी गाडीला किक मारली. त्यानंतर तू प्रत्येक शर्यतीला बोलावलंस आणि मी काहीतरी सांगत गेलो. बिबट्या फिरतोय, अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय. अब्बांच्या डोळ्यात औषध घालायचंय. बिबट्या खरा होता, औषधही खरं होतं. मी तेवढा खोटा होतो. मी रुसलो नव्हतो, गोरख. मला तुझ्यासमोर बसवत नव्हतं.

मग गेल्या महिन्यात लास व्हेगासची शर्यत झाली. दोघांच्याही गाड्यांखालची फळी मोजली, नऊ मिलिमीटर जाड हवी, ती मिलिमीटरच्याही अंशानं कमी भरली, आणि दोघंही निकालातून बाद. मला वाटलं, आता हा आळेफाटा डोक्यावर घेणार. पण तुझा मेसेज आला तो शांत. अजून फोनमध्ये आहे. "केसाएवढी झिजली राव फळी. पर मोजली तर खरी. मापात खोट नसली की राग धरायचा न्हाई. आमच्या दादांनी धरला का?"

तू वडिलांचं, सयाजीकाकांचं उदाहरण दिलेलं मी दुकानात ऐकलं. समोर एक गिऱ्हाईक उभं होतं. त्याच्या घड्याळाचा स्क्रू माझ्या चिमट्यातून खाली पडला, तो संध्याकाळपर्यंत सापडला नाही.

आता लिहितो.

आपल्या घाटावर, बैलगाडा शर्यतीच्या त्या चढावर, तीस वर्षं अब्बांचं घड्याळ चालतं. दुसऱ्या गावांनी वेळ मोजायचं मशीन आणलं, तरी आपल्या कमिटीनं आणलं नाही. का, ते तुला सयाजीकाकांनीच सांगितलंय. हनीफभाईंचा घाटात ना बैल, ना भावकी. त्यांना कुणाला जिंकवायचं नाही. अब्बांना दिसेनासं झालं तेव्हा घड्याळ माझ्या हातात आलं. कुणी विचारलं नाही की ह्याचं घाटात कोण आहे. माझा तर दोस्त होता.

अब्बांचा एकच नियम. खालचं निशाण हललं की सुरू, वर अंतिम रेषेवरचं निशाण हललं की बंद. हललं की. पडेपर्यंत थांबायचं नाही. ते म्हणायचे, निशाण पडायला वेळ लागतो आणि तो वेळ बैलाचा नसतो.

चैत्री पौर्णिमेला, यात्रेच्या दिवशी, दुपारपर्यंत साठेक गाड्यांच्या बाऱ्या धावून झाल्या. सगळ्या मी नियमानं धरल्या. मग तुमची बारी आली आणि सयाजीकाकांनी निवेदकाच्या हातातला माइक घेतला. काका माइकवर बोलले असं मी कधी पाहिलं नव्हतं. "पाखऱ्याचा ह्यो नववा हंगाम हाय. लोक म्हंत्यात बैल थकला. आज बारा सेकंदाच्या आत आला तर फुडल्या साली परत आनीन. न्हाई आला, तर ह्याच्या मानंवर परत जू ठेवनार न्हाई. देवाच्या दारात सांगतो."

तेवढ्यात माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "आता बघा, घड्याळवाला दोस्ताला बाराच्या आत आनतोय." चारपाच जण हसले. मी मागे वळून बघितलं नाही. कोण होतं ते आजही माहीत नाही, आणि त्याचा दोषही नाही. गमतीनं बोलला असेल.

पुढे घोडी, मागे चार बैल, आणि पाखऱ्या पुढच्या जोडीत. काय आला रे तो. धुळीतून त्याचं पांढरं कपाळ तेवढं दिसत होतं. रेषेवर कुंडलिक निशाण धरून उभा होता. ते हललं. मला दिसलं. अंगठा बटणावर होता. आणि मी थांबलो. निशाण मातीला टेकलं तेव्हा दाबलं.

१२.०४.

मी स्वतःला पुष्कळ सांगून पाहिलं की अंगठा घामानं घसरला, उन्हानं डोळे दिपले. तसं काही झालं नव्हतं. त्या एवढ्याशा वेळात माझ्या मनात सरळ सरळ आलं होतं की हा आकडा बाराच्या आत आला तर लोक म्हणतील, दोस्तीत दिला. मला प्रामाणिक दिसायचं होतं. तुझ्याकडे झुकलो असं कुणी म्हणू नये म्हणून मी तुझ्याविरुद्ध झुकलो, आणि त्यालाच बाकीच्या लोकांनी निःपक्षपाती म्हटलं. एकानं तर माझी पाठ थोपटली.

तुझा चुलतभाऊ मांडवात घुसला, घड्याळ फिरवलं म्हणून. त्याला तू छातीवर हात ठेवून मागे लोटलास. "हनीफचाचांचं घड्याळ हाय त्ये. बैल हळू झाला, घड्याळ न्हाई." एवढं बोललास आणि पाखऱ्याची मान पुसत त्याला घाटाखाली घेऊन गेलास. दुसऱ्या दिवशी बहारीनची शर्यत होती. मला वाटलं, तू बोलावणार नाहीस. तू फोन केलास आणि खुर्ची पुसून ठेवलीस. मुनी जिंकला, तू मला मिठी मारलीस. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तुझ्या आनंदाच्या दिवशी नको, असं स्वतःला सांगितलं. मग तसे दिवस रोजच निघत गेले.

गेल्या रविवारी वहिनी बाजाराला आल्या, घड्याळ घेऊन दुकानात आल्या. त्यांनी सांगितलं की येत्या आठ तारखेला, सोमवारी, आहुप्याचा कुशाबा टेम्पो घेऊन येणार आणि पाखऱ्याला घेऊन जाणार. तिकडं चरेल, फिरेल, कुणी जुंपणार नाही. मी विचारलं, का पाठवता, गोठ्यात जागा नाही का?

"जागा लई हाय, भाऊजी. पर मामंजींना त्यो दावनीला उभा बगवत न्हाई. गाडा निगाला की दावं तोडाया बगतो. परवा तर मामंजी त्याच्या म्होरं बसून म्हनत व्हते, मी शब्द दिलाय रे बाबा, मी काय करू. दोन दिस धड जेवलं न्हाईत."

मी त्यांना चहा पाजला. घड्याळाचे पैसे घेतले नाहीत म्हणून त्या रागावल्या. त्या गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसलो.

दुसऱ्याच दिवशी अब्बांना सांगितलं. मला वाटलं होतं, ते ओरडतील. ते एवढंच म्हणाले, "मेरा नाम गया तो गया. लेकिन बैल का क्या कसूर था रे?"

थोड्या वेळानं त्यांनी काठी मागितली. तिला कुंडलिकच्या निशाणाएवढा कपडा बांधला आणि मागच्या अंगणात उभे राहिले. मला घड्याळ दिलं. हललं की एकदा दाब, टेकलं की दुसऱ्यांदा. त्यांनी ती काठी वीस वेळा वर केली आणि वीस वेळा टाकली, आणि मधला फरक प्रत्येक वेळी स्वतःच्या हातानं लिहिला. हात भरून आला तरी थांबले नाहीत. वीसपैकी सर्वांत कमी फरक बावीस शतांशांचा आला. तेवढाच धरला तरी पाखऱ्याची वेळ अकरा ब्याऐंशी होते. त्या दिवशीचा खरा आकडा आता कुणालाच कळणार नाही, तो माझ्या अंगठ्याखाली गेला. व्हेगासला निदान फळी पुन्हा मोजता आली. पण बाराच्या आत होता, यात मला शंका नाही, अब्बांनाही नाही.

यात्रा कमिटीला मी वेगळं पत्र दिलंय. यापुढे घड्याळ धरणार नाही आणि का, तेही लिहिलंय. अब्बांनी त्याच्याखाली सही केली. तीस वर्षांनी त्यांना ही सही करायला लागली, माझ्यामुळे. लोक काय म्हणायचं ते म्हणतील. आपल्याविषयी काय म्हणायचं ते तू ठरव. तू मला कायमचा तोडलास तरी मी समजू शकतो, पण मला ते सोसणार नाही, हेही लपवत नाही.

फक्त एक काम कर. हे पत्र सयाजीकाकांना वाचून दाखव, गाळू नकोस काही. त्यांनी देवाच्या दारात शब्द दिला आणि तो पाळला, माझ्या खोट्या आकड्यावर. पण बाराच्या आत आला तर परत आणीन, हाही त्यांचाच शब्द होता. आणि पाखऱ्या आला होता. सोमवारी कुशाबाला चहा पाजा आणि टेम्पो रिकामा पाठवा.

रविवारी साडेसहाला शर्यत सुरू होते. मी सहाला आळेफाट्याला येऊन समोरच्या हॉटेलपाशी थांबतो. तू हाक मारलीस तर आत येईन. खुर्ची पुसून ठेवू नकोस.

सोबत अब्बांच्या अक्षरातले वीस आकडे आहेत. ते पाखऱ्याच्या गोठ्यात कुठेतरी लावून ठेव.

बैल हळू झाला नव्हता, गोरख. घड्याळही नव्हतं झालं. मी झालो होतो.

तुझा,
अनस