छपरावरची एबे

तेत्ताताई,

तुझा ओस्विन खुशाल आहे. दलदलीतल्या या गावात वाम मासे इतके, की परवा एक चर्चच्या दारात वळवळत होता. ते राहू दे. पोटभर जेवतो, एवढं आईला सांग. तिचा गुडघा कसा आहे?

काल हिल्डगिथबाईंनी तापाने फणफणलेल्या आपल्या चार वर्षांच्या लेकीला, एबेला, गवती छपरावर नेऊन निजवलं. सूर्य ताप ओढून घेतो म्हणे; चर्चच्या लेखी मात्र हे पाप. पाद्रीबाबांनी मला, त्यांच्या नव्या चेल्याला, पिटाळलं, "उतरव त्या पोरीला! नाहीतर आईला सात वर्षं उपासाचं प्रायश्चित्त."

मी शिडीला हात लावला, तर बाई माझं दीक्षेचं मुंडण बघून खेकसल्या, "अरे टकल्या, तुझ्या आईनं तुला कधी चढवलं नाही वाटतं?"

मी शिडी सोडली. आठवतं ना, मी तापात छपरावर होतो आणि घसरलो तर झेलायला तू दिवसभर खाली हात पसरून उभी होतीस?

मी एबेला उतरवलं नाही. ऊन कलेपर्यंत तसाच हात पसरून उभा राहिलो. ताप उतरला. पाद्रीबाबांना म्हटलं, प्रार्थनेने उतरला. उभ्या उभ्या केली होती मी, अगदीच खोटं नाही.

आईला वाचून दाखवताना एवढं गाळ. नाहीतर ती लगेच कबुली द्यायला धावेल.

आज मलाही जरा कणकण आहे. काळजी करू नकोस. इथे छपरं पुष्कळ आहेत, ताई. खाली उभं राहणारं कुणी नाही.

तू झेललेला,
ओस्विन