लस : प्राध्यापकांस ऐच्छिक

१८ फेब्रुवारी १९४३, लोणावळा

देवी टोचण्याचा ठराव अखेर झाला! देहूरोडच्या लष्करी डेपोत देवीचे रोगी निघाले. मुंबईवर बॉम्ब पडेल म्हणून कॉलेज इथल्या बंगल्यात पळून आले होते. मरायला बॉम्बच लागतो असे नाही, हे आता ध्यानात आले.

मसुदा अर्थात माझ्याकडे. वीस वर्षे वर्तमानपत्रात काढलेला माणूस, मराठीचा तात्पुरता मास्तर — म्हणजे फुकटचा कारकून. विद्यार्थ्यांस सक्तीचे, गड्यांस सक्तीचे, प्राध्यापकांस ऐच्छिक.

"ऐच्छिक का?"

प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले, "अहो, सुशिक्षित माणसांवर सक्ती कशी करायची?"

बरोबर. रोगालाही तेवढी पोच असेलच.

२२ फेब्रुवारी

देवीडॉक्टर आले. व्हरांड्यात मुलांची रांग, मागे गडी, त्यांच्या मागे मेसची स्वयंपाकीण झुंबरबाई. मुली आतल्या खोलीत. आमचे काय, तर रसायनाचे प्रो. गराडे म्हणाले, "विद्यार्थ्यांदेखत दंड उघडा करायचा? छे!" तेव्हा प्राध्यापकांनी आपल्या खोलीत, दार लावून, चहा झाल्यावर टोचून घ्यावे असे ठरले. चहा इतका रंगला की देवीडॉक्टरांची गाडी आली आणि ते गेले.

मलाही पुण्याच्या साप्ताहिकाचा मजकूर टपालात टाकायचा होता. शिवाय दंडावर लहानपणचा वण आहे. तो मी दाखवला. मग सगळ्यांनीच आपापले वण काढून दाखवले. ताम्रपट दाखवावेत तसे!

२५ फेब्रुवारी

बदरुन्निसाचा दंड टरारून सुजला. इंटरच्या वर्गातली सगळ्यांत तयार मुलगी. तिचे वडील दस्तगीरभाई — बाजारात त्यांचे चहा-साखरेचे दुकान आहे — तणतणत आले.

"मास्तर, पोरगी तापली की! परीक्षा तोंडावर आली न् कशाला टोचलं?"

"परीक्षेसाठीच. कॉलेजात रोगी निघाला तर इथलं केंद्रच रद्द होईल."

"रद्द झालं तर मग निकाहच! पाव्हण्यांनी यंदाच्या परीक्षेपर्यंत दम धरलाय. पुढच्या सालचं नाव काढायचं न्हाई म्हणून बजावलंय त्यांनी."

मागून बदरुन्निसा म्हणाली, "अब्बा, सुजलाय तो डावा. मी उजव्यानं लिहिते." मग माझ्याकडे वळून, "सर, तुम्हांला ताप नाही आला?"

"आम्हांला येत नाही," मी म्हटले. वर हसलोही.

८ मार्च

मेसमध्ये चूल पेटली नाही. झुंबरबाई जवळच्या भुशी गावी भावाकडे गेली ती आलीच नाही. प्राध्यापक मंडळाची तातडीची सभा — युद्ध सुरू झाले तेव्हाही इतकी तातडी नव्हती. ठराव : मी जाऊन तिला आणावे. "तुमचं या लोकांशी जमतं."

गेलो. दाराला कडुलिंबाचे डहाळे. आत तिची भाची निजलेली, तोंडावर फोडच फोड. भाऊ कोंडाजी उशाशी बसून लिंबाच्या पाल्याने वारा घालत होता.

"चपला भाईर काडा, मास्तर," झुंबरबाई हळूच म्हणाली. "देवी आल्यात घरी. फोडणी बंद हाय. दहीभात खावा, तसंच दारातनं फिरू नगा."

बसलो. दहीभात खाल्ला. त्या दारातून 'नको' म्हणून परत फिरणे माझ्याच्याने झाले नसते.

"भाकऱ्या कोण थापणार तिकडं?" मी विचारले.

"प्रोफेसरलोकास्नी हात हायती की!" मग माझ्या बाहीकडे बघून म्हणाली, "तुमी टोचलंया न्हवं? आमच्या रांगंत न्हाई दिसला."

"लहानपणी टोचलंय."

ती माझ्या भातावर दही वाढत राहिली. कोंडाजीच बोलला, "लहानपणी आमी बी लय गोरं व्हतो."

परत येऊन साहेबांना सांगितले. ते पांढरेफटक! "वाच्यता नको. कॉलेजचा माणूस आजारी निघाला तर केंद्र रद्द. गावातला असेल तर आपला संबंध नाही. युनिव्हर्सिटीनं स्पष्ट कळवलंय." म्हणजे यापुढे रोगाने हजेरीपट बघून अंगात शिरावे.

९ मार्च

प्रो. गराड्यांनी भाकरी थापली. रसायनशास्त्राची पीछेहाट.

१५ मार्च

साहेबांना म्हटले, देवीडॉक्टरांना पुन्हा बोलवू या, आपण मोकळेच राहिलो. "परीक्षा होऊन जाऊ द्या," म्हणाले. मी रेटले नाही. मजकूर टपालात टाकायचा होता. नेहमीच असतो.

२० मार्च

सणसणून ताप. कंबर कोणी दगडाने ठेचावी तशी. चोवीसपासून परीक्षा, पहिल्या दिवशी मोठ्या दालनात देखरेख माझी. बदरुन्निसा शंका विचारायला आली होती. दारातूनच परत पाठवली.

"सर, चेहरा लाल झालाय तुमचा."

"उन्हाचा."

खोटे बोलायला इतका सोपा शब्द दुसरा नाही.

२२ मार्च

उतरला! एकदम हलके वाटते. साहेब खिडकीतून डोकावून म्हणाले, "बघा, लोणावळ्याची हवा!" मीही हो म्हटले. उद्या देखरेखीची टिपणे काढायची. घशात मात्र काहीतरी खरखरते आहे.

२३ मार्च

दाढी करायला आरसा घेतला. कपाळावर, मनगटांवर — कोंडाजीच्या पोरीसारखेच. दाढी राहिली.

राजीनामा लिहिला. तारीख ७ मार्च, भुशीच्या आदल्या दिवसाची. साहेबांनी अंगणात लांब उभे राहूनच तो माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला आणि मंजूर केला. सभा न भरवता झालेला कॉलेजचा पहिला निर्णय! हेल्थ ऑफिसरला निरोप धाडला : गावात एक रोगी आहे, त्याला गावाबाहेरच्या झोपडीत न्यायला गाडी पाठवा, आणि ज्यांच्या दंडावर ताजा वण नाही, त्यांच्यापैकी कोणालाही परीक्षेच्या दालनात सोडू नका. म्हणजे एकही प्राध्यापक आत जाणार नाही. पहाऱ्याला गडी आणि भाची बरी झाल्यावर परतलेली झुंबरबाई.

मी आता कॉलेजचा कोणी नाही. उद्या बदरुन्निसाचा पहिला पेपर. मराठीचा.