ओजसचा डबा आज घरीच

किशोर,

"कूलरपुढं चॉकलेट नको वितळवू, पाण्याचा थेंब उडला का गोळा होते," असं तू म्हटलं होतं आणि मी हसण्यावारी नेलं. पहिला घाणा खरंच चिखलासारखा आळला. तो फ्रिजमध्ये आहे, दुधात उकळून पिऊन टाक. मग कूलर बंद केला, घामाघूम होत पुन्हा वितळवलं, त्यात मुरमुरे घातले आणि बर्फाच्या ट्रेमध्ये लावलं. काय सुरेख वड्या निघाल्या म्हणून सांगू! वरच्या मजल्यावर जुईलीच्या वाढदिवसाला ताटभर देऊन आले.

तिच्या आईनं शब्द पाळला. केकपासून चिवड्यापर्यंत कशातच शेंगदाणा नाही. जुईलीची आजी मात्र कुरकुरून राहिली होती, "दाण्याबिगर चिवडा, थो काय चिवडा हाये?"

शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीपायी दर पार्टीत स्वतःच्या डब्यातली पोळी खात बसणारा आपला ओजस आज सगळ्यांच्या ताटातलं खाणार! डबा मी भरलाच नाही. "आई, तू जा ना आता," म्हणाला, आणि मी खरंच निघाले. औषध जुईलीच्या आईजवळ दिलंय, कधी द्यायचं तेही समजावलंय. घरात बसले तर सारखी जिना चढेन, म्हणून राजकमल चौकात शिंप्याकडे पडलेलं ब्लाउज आणायला चालले.

तू आलास की चहाच्या आधी वर जा आणि ओजसला दारातूनच बघून ये. मी पाठवलं म्हणू नको.

तेजल