टवक्याचा भाव

८ सप्टेंबर, सोमवार

राजपालनं आज पुन्हा तेच काढलं. "अक्का, भाव पाड." मी न्हाई पाडणार!

त्याचं म्हणणं असं — बंगला म्हणतात त्या फाट्यावर, हायवेच्या कडेला दुकान टाकून वरीस व्हायला आलं. एखादा कारवाला थांबतो, भाव ऐकतो, निघून जातो. पोट भरायचं तर भरपूर गाड्या असलेला एखादा मालक बांधून घ्यायला पाहिजे. इथवर माझा भाऊ शहाणा हाय. पुढं म्हणतो, मालक पाहिजे तर गुरुपादय्यापेक्षा लई स्वस्त दिसायला पाहिजे. इथं आमचं बिनसतं.

गुरुपादय्या चौकात गाड्यांच्या नव्या काचा विकतो. त्याच्याकडं टवका घेऊन गेलं की तो टवक्याकडं बघत पण न्हाई, "बदला" म्हणतो. मी टवका भरते. खडा लागून काचेला बारका खड्डा पडतो, त्यातली हवा पंपानं ओढायची, रेझिन सोडायचं, लाईटखाली वाळवायचं. काच वाचती. लॉरीची नवी काच आठ हजाराच्या घरात, माझं काम पाचशेचं. आता पाचशेचं अजून स्वस्त करून काय फुकट वाटू?

राजपालनं मुदत घातली. दिवाळीपर्यंत मोठं गिऱ्हाईक लागलं न्हाई तर सामान विकून तो हैदराबादला जाणार. निम्मे पैसे त्याचे हायत, त्यामुळं मला तोंड न्हाई. त्याचं काय, तो कुठंबी रमल. मला मुडबीला घरी जाऊन बसावं लागल. पुन्हा पाहुणे, पुन्हा पोहे, पुन्हा आईचं ते "पोरगी तशी घरकामात बी चांगली हाय". नको गं बाई. हे दुकान गेलं तर मी पण गेले असंच धर.

११ सप्टेंबर, गुरुवार

चन्नवीर आला होता! हुमनाबादच्या बसवंतप्पांचा मॅनेजर. त्यांच्या तीसेक लॉऱ्या, सिमेंट अन् तूरडाळ घेऊन सोलापूर-हैदराबाद पळत असतात. काचांच्या बिलानं मालक कावलाय, म्हणून ह्याला चौकशीला पाठवलं.

आल्या आल्या, "वर्षाचा ठोक भाव सांग. गाडीमागं किती?"

राजपाल तोंड उघडायच्या आत मी म्हणले, ठोक न्हाई. मी ह्याच्यावर लई डोकं चालवलंय. ठोक भाव घेतला की माणूस गाडी पाठवायला निवांत होतो. आज टवका पडला, आणतो दिवाळीत. तोवर गाडी खड्ड्यातनं उड्या मारती, टवक्याचा तडा होतो, तडा गेला की मी काही करू शकत न्हाई, आणि नाव कुणाचं खराब? माझं. म्हणून माझे भाव दोन. टवका पडल्या दिवशी त्याच्यावर चिकटपट्टी मारा अन् आठवड्यात आणा, पाचशे. उघडा ठेवून, घाण भरवून आणा, हजार. वीतभर तडा गेला असला तर मी हात लावणार न्हाई, खुशाल गुरुपादय्याकडं जा.

चन्नवीर हसला. "गिऱ्हाइकाला दंड लावायलीस व्हय?"

मी म्हणले, "दंड न्हाई अण्णा, घाई लावायलेय."

मग खालच्या आवाजात, "माझं काय?" गुरुपादय्या त्याला काचेमागं काहीतरी देतो, हे सगळ्या बंगला फाट्याला माहीत हाय. मी म्हणले, तुमचा चहा. त्याचं तोंड उतरलं. जाताना भिंतीकडं बघून म्हणतो, "मालक कधी आले तर बाबासाहेबांचा फोटो जरा आतल्या खोलीत लाव. लोकं कशी असतात, तुला माहीतच हाय."

आतली खोलीच न्हाई आम्हाला. असती तरी न्हाई, हे पण सांगितलं.

तरी तीन गाड्या पाठवतो म्हणला, नमुन्याला. मालकाचा हुकूम हाय, त्याला पाठवाव्याच लागतील. राजपाल दिवसभर कुरकुरत होता, तू तोंडानं धंदा बुडवतीस म्हणून.

२२ सप्टेंबर, सोमवार

तिन्ही गाड्या आज आल्या. काल अमावस्या झाली, त्यामुळं लिंबू-मिरच्या, हार, नारळाचं पाणी, सगळं अंगावर घेऊनच.

काचा बघितल्या अन् माझं डोकं सरकलं. प्रत्येक टवक्यात कुंकू! काचेवर कुठंतरी लावलेलं असतं तर पुसलं असतं. हे बरोबर टवक्यावर. बोटानं दाबून भरलेलं.

बालाजी नावाचा ड्रायव्हर हाय, त्याला विचारलं, हे कामून? तर म्हणला, "आमच्या अव्वा लावतेत. मालकाची आई, सिद्धव्वा. दर अमावस्येला सगळ्या गाड्यांभोवती फिरतेत. जिथं काच फुटली तिथं बोट टेकवतेत. गाडीची जखम हाय म्हणतेत ती."

आता कळलं ह्यांच्या काचा कामून टिकत न्हाईत. टवक्यात कुंकू, वरून नारळाचं पाणी, वरून हायवेची धूळ. त्यात रेझिन कुठून शिरणार? टवके वाढत जातात, तडे होतात, अन् गुरुपादय्याचं घर चालतं.

दोन गाड्यांचं घासून, सुई फिरवून, स्पिरिटनं धुऊन काढलं. बालाजीच्या गाडीचं काही निघंना. त्याला म्हणले, उद्या थांब, वाळू दे. तर त्याला सिमेंट भरायचं होतं. राजपाल कानाला लागला, "भर गं, नमुनाच तर हाय." आणि मी भरलं. का ऐकलं मी त्याचं! टवका पक्का बसला, नखाला लागत न्हाई, पण आत गुलाबी ठिपका राहिला. आता तो काच असेपर्यंत तिथंच.

२४ सप्टेंबर, बुधवार

चन्नवीरनं त्या ठिपक्याचा फोटो काढून सगळीकडं फिरवला. राजपालच्या मोबाईलवर पण आला. खाली लिहिलेलं — बौद्धाच्या पोरीनं अव्वाचं कुंकू काचेत कोंडलं.

दोन गाड्या चकचकीत भरल्या, त्यांचा फोटो कुणी काढला न्हाई.

संतापानं जेवण गेलं न्हाई. राजपाल म्हणतो, फोन करून माफी माग. कशाची माफी? कुंकू मी नेऊन घातलं होतं का? शुक्रवारी मीच हुमनाबादला जायलेय. मालकाच्या तोंडावर सांगणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

जाऊन आले.

गाड्यांच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली बसवंतप्पा खुर्चीवर, बाजूला चन्नवीर. पलीकडं बाजेवर एक म्हातारी शेवंतीची फुलं निवडत बसलेली. चहा आला. त्यांना स्टीलच्या पेल्यात, मला कागदाच्या. मी म्हणले, मला बी स्टीलचा चालतो. पोऱ्या थांबला, मग चन्नवीरनं दुसरीकडं बघितलं. मी चहा घेतलाच न्हाई.

म्हातारीनं कन्नडमधी विचारलं, "यार मगळु नी?" कुणाची पोरगी तू. हा प्रश्न मला चांगला माहीत हाय. बापाचं नाव कुणालाच नको असतं, जात पाहिजे असती. म्हणून सरळच सांगितलं. मुडबीच्या मारोती ड्रायव्हरची पोरगी, बौद्ध, प्रियंका नाव.

मग बसवंतप्पांनी ठिपक्याचं काढलं. लोक काय म्हणायलेत, आईला काय वाटलं असल, वगैरे. मी ऐकून घेतलं अन् मग त्या म्हातारीकडं, सिद्धव्वाकडं वळले. माझा राग तिच्यावरच होता, खोटं कशाला लिहू.

म्हणले, "अव्वा, तुमच्या काचा खड्यानं कमी अन् तुमच्या बोटानं जास्त जायलेत. तुम्ही जखम म्हणता ना? मग जखमेत कुणी माती भरतं का? वरून पट्टी बांधतेत. तुम्ही दर अमावस्येला टवक्यात पूड कोंबता, पाणी सोडता, आणि गाडी उन्हात पळती. मी काय, कुणीबी आलं तरी ती काच साफ भरणार न्हाई."

बसवंतप्पा खुर्चीतनं उठलाच. "आता तू आमच्या आईला पूजा शिकवणार?"

"पूजा न्हाई, काच शिकवायलेय. पूजा करा की. आधी टवक्यावर टेप लावा अन् टेपवर कुंकू लावा. देवाला काय अडचण हाय? आणि मालक, तुमच्या सगळ्या माणसांत दर महिन्याला प्रत्येक काच हात लावून बघणारं माणूस एकच हाय, ते म्हणजे ह्या अव्वा. तुमच्या मॅनेजरला तुमचे टवके माहीत न्हाईत. ह्यांना माहीत हायत. ह्यांनी टेप लावली तर तुमचं सगळं काम पाचशेच्या भावात बसतं."

म्हातारी माझ्याकडं एकटक बघत होती. फुलं तशीच मांडीवर. मग चन्नवीर म्हणला, "झालं का? जा आता." आले.

येताना बसमधी रडू आलं, ते पण लिहून ठेवते. हातातलं गिऱ्हाईक मी माझ्या जिभेनं घालवलं. पण शब्द एकबी खोटा नव्हता!

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. दुकान बंद ठेवून मुडबीला गेले, विहारात वंदना झाली. पांढरी साडी नेसून आई लई छान दिसत होती. जेवताना विचारलं तिनं, "दुकान हाय का गेलं?" हाय म्हणले.

९ ऑक्टोबर, गुरुवार

चन्नवीर आला, पेढे घेऊन. मला वाटलं जमलं. थोडं जमलंच होतं म्हणा!

मालक सगळ्या गाड्या द्यायला तयार. पण भाव ठोक, तोबी माझ्या हिशोबाच्या निम्मा. बिल राजपालच्या नावानं, बोलणं राजपालशी, बाईमाणसाशी व्यवहार बरा दिसत न्हाई. आणि मी पुन्हा त्यांच्या आवारात पाऊल टाकायचं न्हाई. मी मागं बसून गुपचूप टवके भरायचे.

राजपाल माझ्याकडं बघायलाय, डोळ्यांनी 'व्हय म्हण' म्हणायलाय. मला त्याची कीव आली, खरंच. त्याला पण जगायचंच हाय. पण व्हय म्हणलं तर आम्ही रात्रंदिवस घाण भरलेले टवके निम्म्या भावात घासत बसायचं, एक बिघडला की ह्यांनी फोटो फिरवायचा, अन् वर्षाच्या शेवटी 'ह्यांना जमत न्हाई' म्हणून गुरुपादय्याला बोलवायचं. चन्नवीरचा डाव मला स्पष्ट दिसायलाय. राजपालला दिसंना.

न्हाई म्हणले. भाव माझा, नाव माझं. पेढे परत दिले.

चन्नवीर म्हणला, "पस्तावशील."

म्हणले, "पस्तावले तर माझी मी पस्तावीन. त्याचं बिल तुम्हाला पाठवणार न्हाई."

१० ऑक्टोबर

राजपाल बोलत न्हाई. मी पण न्हाई.

१५ ऑक्टोबर, बुधवार

बोलला आज. सामानाला गिऱ्हाईक मिळालं म्हणून सांगायला. कोण असल? गुरुपादय्या! पाडव्याला येऊन पंप, लाईट, सगळं उचलणार. त्याला टवके भरायचे न्हाईत, मला भरू द्यायचे न्हाईत, एवढंच.

भांडलो. लई भांडलो. मी म्हणले, निम्मं माझं हाय, पंप तू ने अन् लाईट मी ठेवते, बघू कोण काय करतो. त्याला मधीच हसू आलं, मला पण आलं. तो म्हणला, "अक्का, मी वाईट न्हाई गं. मी दमलोय."

दमलेय तर मी पण. पण वाकायचं म्हणून दमले न्हाई. सामान गेलं तर कर्ज काढीन, पुन्हा घेईन, ह्याच जागेवर बसीन. गुरुपादय्याच्या डोळ्यांसमोर.

१९ ऑक्टोबर, रविवार

लाईट पुसून कापडात गुंडाळली. पंपाला तेल दिलं. शेवटचं असलं तरी सामान घाण देऊ वाटंना.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. दिवाळीची अमावस्या

सकाळी शटर वर केलं तर रस्त्याकडेनं लॉऱ्याच लॉऱ्या. प्रत्येक काचेवर जागोजाग टेप, टेपवर कुंकू. पहिल्या गाडीतनं बालाजीनं सिद्धव्वांना हात देऊन उतरवलं. राजपाल पळत पुढं गेला, तर म्हातारीनं त्याला बाजूला सारलं. "तू न्हाई. ती."

मी विचारलं, "मालक आले न्हाईत?"

"कसला मालक? तो नुसता खुर्चीवर बसतो. त्याचा बाप गेला तवापासून सगळ्या गाड्या माझ्या नावावर हायत. आतापर्यंत माझ्या माणसांनी तुला भाव विचारला, मी विचारला न्हाई. आता मला सांग."

सांगितला. तोच.

"महाग हायस," म्हणली, "कर चालू."