नव्या सिस्टीममध्ये न चालणारा आवाज

३ नोव्हेंबर

आवाज गेला! सकाळपासून दुपारपर्यंत कम्प्युटरवाला प्रीतम इथे बसून होता आणि जाताना म्हणतो, "काकू, बाकी सगळं झकास हाय, फक्त सरांचा आवाज लागून नाई राहिला." फक्त म्हणे! तो आवाज नसेल तर यांच्यासाठी कम्प्युटर म्हणजे नुसती गरम होणारी पेटी. काचबिंदूने डोळे गेले त्याला सहा वर्षं झाली. पडद्यावर येईल ते तो मराठी आवाज वाचून दाखवायचा, बटण दाबलं की अक्षर सांगायचा. पेपर, मेल, जुन्या विद्यार्थ्यांशी गप्पा — सगळं त्याच्या जिवावर. साधा फोन बोलण्यापुरता. काचेवाला मोबाइल यांना नकोच.

नवी सिस्टीम टाकायचा आग्रह माझा. जुनीकडे आता कंपनी बघत नाही, त्यात चोर शिरतात, बँकेतलं सगळं उघडं पडतं, असं ऐकलं होतं. हे नको म्हणत होते. "चालून राहिलं न? मंग कायले हात लावतं?"

प्रीतम सांगतो, जुना आवाज नव्या सिस्टीमशी जुळत नाही आणि तो बनवणारेही आता दुकान बंद करून बसलेत. सिस्टीमचा स्वतःचा एक आवाज आहे, पण तो फक्त इंग्रजी वाचतो. मराठी आलं की गप्प. माझा नाही विश्वास! मी मागेच खुर्ची टाकून बसले होते, आतलं काही काढून नेऊ नये म्हणून. चहा टाकायला उठले तेवढ्यात काय केलं असेल ते केलं. वरून दोनदा म्हणाला, "मशीनच जुनी झाली काकू, नवीन घेऊन टाका." तेव्हाच ओळखलं.

४ नोव्हेंबर

आता प्रिंटरही बंद. पडद्यावर सांगतो — ओळखत नाही. दहा वर्षं शेजारी बसलेला प्रिंटर, आणि ओळखत नाही!

५ नोव्हेंबर

आज मीच वाचून दाखवलं. आधी पेपर, मग मेल. एका विद्यार्थ्याचा नाशिकहून होता, सर, तुम्ही शिकवलेले नकाशे अजून आठवतात वगैरे. हे खूश. मला म्हणाले, "तू वाचतं तं चांगलं वाटते." किती दिवसांनी असं शेजारी शेजारी बसलो. खरं लिहायचं तर तो आवाज मला कधी आवडला नाही. दिवसभर आपलं आतल्या खोलीत खरखर, खरखर. मी काही विचारलं की हे म्हणणार, "थांब, आयकून राहिलो."

मग एक मेल आला. चंदा, अमरावती. मी वाचायला घेतला — "देवीदास सर, तुम्ही येताय ना? घरी सांगितलं का?"

यांनी हात वर केला. "बंद कर."

मी म्हटलं, कोण ही चंदा?

"हाय एक वळखीची. राहू दे. आवाज आला की मीच पाहीन."

वळखीची! मला माहीत नाही अशी यांची कोण ओळखीची? बाहेर पडतात ते माझा हात धरून!

६ नोव्हेंबर

झोप नाही. घरी सांगितलं का — म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे. अमरावती माझं माहेर. तिथे हे कुठे जाणार आहेत?

दुपारी प्रीतमचा फोन आला. हे आंघोळीला गेले होते. "काकू, एक उपाय हाय. नवीन सिस्टीम टाकल्यापासून दहा दिवसांच्या आत मागं जाता येते. जुनी सिस्टीम, सरांचा आवाज, प्रिंटर, सगळं पयल्यासारखं. त्याच्यानंतर ते बटनच जाते. कवा येऊ?"

मी म्हटलं, यांना विचारून सांगते.

विचारलं नाही.

इथे लिहायला काय जातं! आवाज परत आला की हे दार लोटून घेणार आणि त्या बाईचं सगळं गुपचूप ऐकणार. आवाज नाही तोवर जे येईल ते माझ्या डोळ्यांखालून येईल. एक-दोन दिवसांत काय ते कळेल. मग बोलावते प्रीतमला. मुदत आहे.

८ नोव्हेंबर

मेल वाचून दाखवू का विचारलं. नको म्हणाले. पेपरही नको.

कीबोर्डवर दोन्ही हात ठेवून बसले होते. दाबत काही नव्हते.

९ नोव्हेंबर

"प्रीतमले फोन लाव बरं."

मी नंबर न लावताच फोन थोडा वेळ कानाला धरला आणि म्हटलं, उचलत नाही.

"रविवार हाय," म्हणाले.

जेवताना भाजीत मीठ जास्त झालं होतं. बोलले नाहीत. एवढे शहाण्यासारखे कधीपासून वागायला लागले? मनात काही असल्याशिवाय माणूस असं गोड वागत नाही.

११ नोव्हेंबर

आज वाचलं सगळं. हे झोपले होते, मी कम्प्युटर लावला. चंदाचे मेल आणि यांची उत्तरं, आषाढापासूनची.

ती स्वतः आंधळी आहे. अमरावतीला अंध माणसांना शिकवण्याचं एक केंद्र आहे, तिथे शिकवते. पांढरी काठी घेऊन एकट्याने चालणं, रस्ता ओलांडणं, बसने जाणं, स्वतःचं रांधून खाणं. तिथेच राहायचं, तीन महिने. यांचं नाव पक्कं होत आलंय. फक्त येतो म्हणून कळवायचं बाकी आहे.

हुश्श झालं. हसू आलं मला माझंच! मग यांचं एक उत्तर दिसलं.

"माझी पत्नी रागिणी मनाने फार चांगली आहे. माझ्यासाठी तिने स्वतःचं सगळं सोडलं. पण शर्टाचं बटण मी लावायला घेतलं की तिचा हात येतो. खुर्चीतून उठलो की कुठे चाललात विचारते. मला शिकायचं आहे हे तिला सांगितलं तर ती रडेल आणि मी थांबेन. म्हणून आधी सगळं ठरवतो, मग सांगतो. चंदाताई, या घरात मी एकटा असतो तो फक्त या आवाजापाशी."

तीन वेळा वाचलं. दुसरी बाई असती तर भांडता आलं असतं. आता कोणाशी भांडू?

१२ नोव्हेंबर

शर्ट दिला आणि मुद्दाम बाजूला उभी राहिले. बटणं एक घर वर-खाली लागली. माझे हात शिवशिवत होते. शेवटी लावलीच मी नीट.

प्रीतमला आज बोलवायचं होतं. राहिलं. राहिलं कसलं — बोलावलं नाही. तीन महिने! मी या घरात काय करणार?

१३ नोव्हेंबर

चंदाचा नवा मेल. "सर, तुमचं उत्तर नाही. जागा थोड्या आहेत, लवकर कळवा."

मी घाबरले. लगेच प्रीतमला फोन केला. तो बाळापूरला कामावर. "आता तं नाई जमत काकू, उद्या सकाळी येतो."

१४ नोव्हेंबर

प्रीतम आला. बराच वेळ इकडे उघड, तिकडे उघड. हे त्याच्या शेजारीच स्टूलवर बसले होते, कान देऊन.

"बटन गेलं काकू. काल मुदत संपली."

"कायची मुदत?" यांनी विचारलं.

"मागं जायाची, सर. मी तं काकूले मागच्याच हप्त्यात फोनवर सांगतलं होतं. तुमाले विचारून सांगतो म्हनल्या."

प्रीतमने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि वायर गुंडाळायला लागला. दुसरा मराठी आवाज पुण्याहून मागवतो म्हणाला, आठ-दहा दिवस लागतील. चहासुद्धा न घेता गेला. आणि मी या पोरावर संशय घेत होते!

संध्याकाळ झाली. दिवा लावला तेव्हा म्हणाले, "माये मेल वाचले न तू?"

वाचले म्हटलं.

"सगळे?"

सगळे.

"रविवारी फोन लावला होता का खरंच?"

नाही म्हटलं.

वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. स्टूल चाचपत आले आणि माझ्या शेजारी बसले. "काहून, रागिणी?"

मी नुसती रडत राहिले. हे माझ्या पाठीवर हात ठेवून बसून होते, तरी पुढचं बोलले ते ठणठणीत — "रडून झालं की लिहायले बस. मी सांगतो तसं. एक शब्द इकडचा तिकडं करू नको."

मी टाइप केलं. 'मी येतो. सोमवारी निघतो. पत्नीला माहीत आहे.' वाचून दाखवलं. "पाठव," म्हणाले. पाठवला.

१५ नोव्हेंबर

बॅग काढली. यांनी आपले कपडे आपणच घड्या घालून भरले. वाकड्या घड्या. मी दारात उभी राहून पाहिलं. हात मागे बांधून.

१६ नोव्हेंबर

चंदाचं उत्तर आलं. जागा काल दुपारीच दुसऱ्याला दिली, तुमचा मेल उशिरा पाहिला. पुढची तुकडी जूनमध्ये. काही बदलून वाचता आलं असतं, यांना कुठे दिसतंय? मी होतं तसं वाचलं. "पुन्हा वाच," म्हणाले. पुन्हा वाचलं.

मग उठले. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेले, चपला पायांनीच शोधल्या, कडी काढली. "मांगं येऊ नको," म्हणाले, आणि रस्त्यावर उतरले. एकटे.

मी खुर्चीतच बसून हे लिहिते आहे.