ओळखीचे शंभर

३ फेब्रुवारी
साठ हजार! नव्या चक्कीसाठी ठेवलेले माझे साठ हजार केयूरला टपालात घालायचेत! दोन हजार घरी छापील पत्र, सोबत माझ्या मेतकुटाची नमुन्याची पुडी. "आई, तू जो तो खरी, बघच तू, धंदा कुठे जातो!" कुठे जातो ते दिसतंच आहे. जुनी चक्की मरायला टेकलीय, आणि चिरंजीव मला धंदा शिकवतायत.

४ फेब्रुवारी
मीच आकडे मांडले. छपाई, पुडी, तिकीट — पत्रामागे तीस रुपये. एका मागणीत सुटतात तीनशे. म्हणजे शंभरात दहांनी मागवलं तर नुसती बरोबरी! केयूर म्हणतो, सगळेच मागवतील. डोंबल!

शेवटी ठरलं — आधी शंभरच पत्रं. दहाच्या वर मागण्या आल्या तर पैसे त्याचे. नाही तर चक्की.

१६ फेब्रुवारी
अडतीस मागण्या. केयूर घरभर नाचतोय.

१७ फेब्रुवारी
पत्ते पाहिले. सगळा आमचाच दांडिया बाजार! निरुपमावहिनी, मोहनामावशी... संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बोलावते त्याच बायका! यादी कुठून आणलीस? तर म्हणे, "तुझ्याच फोनमधून." अरे गाढवा, 'आपल्या शैलाच्या मुलाचं पत्र, नाही कसं म्हणायचं' म्हणून मागवलं त्यांनी! परीक्षा घ्यायला सगळे मामाच बसवले की!

पुन्हा शंभर टाकायला लावली. या वेळी कोयलीची रिफायनरीची वसाहत. तिथलं कुत्रंही मला ओळखत नाही.

२४ फेब्रुवारी
नणंदेकडे, शर्वरीकडे, गेले होते. शर्वरी दर दिवाळीला माझी चार पाकिटं हौसेनं नेते. ती फोनवर होती, म्हणून चहाला साखर काढायला मीच फडताळ उघडलं. माझी पाकिटं! नीट रचलेली, तीन दिवाळ्यांची. एकही फोडलेलं नाही. "अगं, पाहुण्यांना द्यायला ठेवलीत," म्हणाली. मी हसले.

घरी येऊन केयूरवर ओरडले. त्याचा काय दोष? संताप माझा माझ्यावरच. इतकी वर्षं मी विकलं काय — मेतकूट की ओळख? मग रडलेच.

४ मार्च
कोयलीहून चार. चारच! चक्की माझी झाली. जेवण मात्र गेलं नाही.

१९ मार्च
कोयलीहून फोन. कोणी हिंमतराव. ओळख ना पाळख, सरळ खेकसलेच — "संपलं की हो! एवढीशी पाकिटं कशाला करता? पोरं भांडतायत इथे. दुप्पट पाठवा!" चौघांतला दुसऱ्यांदा मागवणारा हा तिसरा. एकच माणूस पुन्हा पुन्हा मागवेल, हे माझ्या आकड्यांत धरलंच नव्हतं!

चक्कीवाला उद्या येणार होता. नको म्हणून कळवलं. केयूरला म्हटलं, उरलेली पत्रं टाक. दांडिया बाजारातलं एकही नाव नको.