क्लच नसलेली गाडी

सारंगखेडा,
२ डिसेंबर २०२५

युसुफचाचा,

सलाम. रजियाचाचींनाही सांगा. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून कागद घेऊन बसलो. दहावीनंतर एवढं लिहायची वेळ पहिल्यांदाच आली, चुका पोटात घाला.

इकडे सगळं ठीक. यात्रेला घोडे उतरायला लागलेत, तापीच्या पुलावर गाड्यांची रांग आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात. रुपाने परवा जेवायला वाढताना विचारलं, चाचा-चाची यंदा यात्रेला येणार ना? मी ताटावरून उठलो.

एजन्सीत आता मालाच्या सगळ्या गाड्या बिनक्लचच्या. तुमची जुनी गाडी भंगारात गेली त्या दिवशी दोधू हमाल तिच्या पाया पडला. आम्ही बाकीचे बघत राहिलो.

पहिली बिनक्लचची आली तेव्हाचं आठवतं? मी क्लच समजून डाव्या पायाने ब्रेक दाबला आणि दोधूचा डबा काचेवर. तुम्ही मात्र तिला तळोद्यापर्यंत सफाईत नेऊन आणलीत, गोदामाच्या पायरीवर बसलात आणि हसत म्हणालात, "आरे, तीस वरीस व्हयनात! डावा पाय अजून क्लच शोधस. त्याले कोन सांगी, तुन्हं काम सरनं म्हनीसन?" आम्ही पोट धरून हसलो होतो.

चाचा, ते तुमचं हसण्यावारी बोललेलं मी जबाबात लिहून दिलं.

मार्चमध्ये तुम्ही मोलगीच्या बाजाराचा माल घेऊन निघालात. घाटात पुढची जीप माणसं घ्यायला थांबली, तुम्हीही थांबलात. मग ब्रेकवरचा पाय रेसवर नेला तेवढ्यात गाडी मागे सुटली. मागे दुसरी जीप, टपापर्यंत माणसं. तुम्ही चाक डोंगराकडे कापलंत आणि गाडी तुमच्याच अंगावर आडवी झाली. जीपमधल्या कुणाला ओरखडासुद्धा नाही. हे सगळं दोधूने मला त्याच दिवशी सांगितलं. तो तुमच्या शेजारीच बसला होता. पण हमालाला कोण विचारतो?

मॅनेजरने मला आत बोलावलं. कागद टाईप करून तयार होता. "क्लचच्या गाडीची सवय असल्याने सदर चालक चुकीचा पाय वापरत असे, असे त्याने स्वतः माझ्यासमोर कबूल केले होते." मॅनेजर म्हणाला, "गाडीत दोष निघाला तर सगळ्या गाड्या उभ्या राहतील. मग सगळेच घरी बसा. म्हाताऱ्याचं तसंही वय झालंय."

मी सही केली. तुमचं लायसन अडकलं, नोकरी गेली, केस उभी राहिली. मोलगीची लाईन मला मिळाली.

एवढं लिहून पत्र संपवणार होतो. चहा घेतला, अंगणात जाऊन आलो. पण खरी गोष्ट तर सहीच्या आधीची आहे.

तुमच्या अपघाताच्या पंधरा दिवस आधी त्याच चढावर ती गाडी माझ्या हातून दोनदा मागे सुटली होती. गाडीत माल कमी होता म्हणून वाचलो. त्यावर मी युक्तीही शोधली होती : आधी हँडब्रेक ओढायचा, रेस द्यायची, गाडीने जोर घेतला की मग सोडायचा. मॅनेजरला सांगितलं तर तो म्हणाला, "बाहेर बोलू नकोस." पण तुम्हाला सांगायला मला कुणाची बंदी होती? निघताना तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "कुंदन, चढावर काही तरास देस का हाई?" आदल्याच दिवशी मी मोठ्या तोंडाने सांगितलं होतं की जुन्या ड्रायव्हरांचे दिवस संपले. आता कशी कबुली द्यायची? मी म्हणालो, "काही नाही चाचा. तुम्ही नुसते बसा, गाडी आपली चालते."

एक वाक्य सांगितलं असतं तर आज तुमच्या कमरेत सळई नसती.

दिवाळीनंतर गाडी बनवणाऱ्या कंपनीचा माणूस आला. तो सहज बोलून गेला, "चढावर मागे येते ना? तो भाग बदलायचं पत्र तुमच्या ऑफिसला फेब्रुवारीतच आलंय." मी मॅनेजरकडे गेलो. त्याने ड्रॉवरमधून माझाच जबाब काढून समोर ठेवला. "खोटं लिहून दिलं म्हणतोस? सही कोणाची आहे?"

शनिवारी पोलीस ठाण्यात जाऊन सगळं लिहून दिलं. हवालदार हसला, "नऊ महिन्यांनी आठवलं का रे?" नोकरी त्याच संध्याकाळी गेली. वकील म्हणतो, केसमध्ये तुम्हाला उपयोग होईल, कदाचित. माझ्यावरही काही येईल. येऊ दे.

रविवारी तुमच्या दारात आलो होतो. चाची म्हणाल्या, झोपलेत. आत तुमची काठी सरकल्याचा आवाज मी ऐकला. त्यांनी तांब्या पुढे केला, "पी ले बेटा, दूर से आया है." चाचा, तांब्या तसाच पायरीवर ठेवून मी परत फिरलो. त्या पाण्यापेक्षा तुम्ही बाहेर येऊन एक शिवी द्यायची होती. दवाखान्यातसुद्धा तुम्ही मला काही विचारलं नाहीत, नुसतं बघितलंत. तुमच्या त्या गप्प बसण्याचा मला रागही येतो, हेही लिहून टाकतो. एवढं चांगलं माणसाने असू नये. समोरच्याला तोंड लपवायला जागा राहत नाही.

नव्या जबाबाची नक्कल सोबत आहे. तुमच्या आकिबकडून वाचून घ्या, किंवा नका घेऊ. पण वकिलाला मात्र द्या. तारखेच्या दिवशी मी कोर्टाच्या दारात उभा असेन. ओळख दाखवू नका.

'तुमचा' असं लिहायला हात धजत नाही.

कुंदन चुडामण पाटील,
ज्याला माहीत होतं, तो.